मैदान कोणाचे?

“फादर, दोनशे किलोमीटर जाऊन तुम्ही नेमके काय पाहून आलात? तोच सामना आम्हांला इथे मोबाइलवर दिसत होता, आणि तुमच्यापेक्षा जवळून दिसत होता!”

२०२५ च्या फेब्रुवारीत रणजी करंडकाचा अंतिम सामना पाहून मी नागपूरहून गडचांदूरला परतलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका सुशिक्षित, संसारी गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. प्रश्नात कुचेष्टा नव्हती, काळजी होती. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने पहाटे उठून, दोन वाहने बदलून, उन्हात बसण्यासाठी एवढा खटाटोप करावा हे त्यांना पटत नव्हते. त्या वेळी मी हसून विषय टाळला. परंतु हाच प्रश्न नंतर शिक्षकांनी विचारला, सिमेंट कारखान्यातील अभियंत्यांनी विचारला, आणि शेवटी ज्यांनी तो विचारू नये अशी माझी अपेक्षा होती त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांनीही विचारला. मुलांच्या तोंडून तो ऐकला तेव्हा मात्र हसणे जमले नाही. ज्या पिढीला मैदानावर जाण्याचे कारण विचारावे लागते, त्या पिढीकडून आपण काहीतरी हिरावून घेतले आहे, याची जाणीव मला झाली. म्हणून हे उत्तर.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खेळाडूंइतकाच खेळ हा तो पाहावयास आलेल्या माणसांचाही असतो. उन्हातान्हात बाकावर बसलेला प्रेक्षक हा गिऱ्हाईक नव्हे, तो साक्षीदार आहे. आणि गेल्या काही वर्षांत या साक्षीदाराला मैदानापासून दूर नेण्याचे, त्याला तुच्छ लेखण्याचे आणि अखेर त्याच्या दुर्बलतेवर धंदा उभारण्याचे काम पद्धतशीरपणे झाले आहे. त्याला खेळाचे चालक जबाबदार आहेत, तसेच आपणही आहोत.

आरोप करण्यापूर्वी आरोप करणारा कोण, हे सांगणे योग्य ठरेल. मी क्रिकेटचा जाणकार नाही, केवळ जुना प्रेक्षक आहे. माझे वडील बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला होते. पाळीवरून आले की कातडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर कानाशी धरून ते अंगणातल्या बाजेवर पडत. मराठी समालोचन घराघरांत पोचविणाऱ्या बाळ ज. पंडितांचे नाव आमच्या घरी एखाद्या नातलगासारखे घेतले जाई. वडिलांनी आयुष्यात एकही कसोटी सामना मैदानावर पाहिला नाही. परंतु स्लिपमधला क्षेत्ररक्षक कोठे उभा राहतो हे ते बाजेवर तांदळाचे दाणे मांडून आम्हां भावंडांना दाखवीत. “एकदा नागपूरला जाऊ,” असे ते दर हिवाळ्यात म्हणत. त्यांचे जाणे झाले नाही. माझे झाले.

१९८७ साली मी नागपूरला सेमिनरी हिल्सवर शिकत होतो. त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा भारत व पाकिस्तानात भरली होती आणि ३१ ऑक्टोबरला भारत व न्यूझीलंड यांचा सामना नागपूरला होता. आमच्यापैकी तिघांना कुणा दयाळू माणसाने तिकिटे मिळवून दिली. टेकडी उतरून आम्ही सदरच्या दिशेने पायी निघालो. वाटेत माणसांचा ओघ वाढत गेला. सायकलवर डबल सीट बसलेले, हातात पोळी-भाजीचा डबा घेतलेले, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी केलेले. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे ते जुने मैदान शहराच्या अगदी मध्यात. शाळा, चर्च, कचेऱ्या, चहाच्या टपऱ्या, आणि त्यांच्यामधोमध एकाएकी ती हिरवी गोल जमीन. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी क्षणभर उभाच राहिलो. आकाशवाणीने मला धावसंख्या सांगितली होती, मैदान एवढे हिरवे असते हे सांगितले नव्हते.

त्या दिवशी चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचे लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळे उडविले. विश्वचषक स्पर्धेतील ती पहिली हॅट्‌ट्रिक. तिसरी यष्टी उडाली तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी, पांढरी टोपी घातलेल्या शेतकऱ्याने मला मिठी मारली आणि त्याच्या डब्यातले भाजीचे तेल माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्याला लागले. न्यूझीलंडने २२१ धावा केल्या होत्या. मग अंगात ताप असलेले सुनील गावसकर खेळावयास आले. एकदिवसीय सामन्यांत संथ खेळतात म्हणून ज्यांची थट्टा होई, त्या गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय कारकिर्दीतील त्यांचे ते एकमेव शतक, आणि तेही त्यांच्या शेवटून दुसऱ्या सामन्यात! भारताने बत्तीस षटके आणि एका चेंडूत विजय मिळविला. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सर्व संतांचा सण. तेलाचा तो डाग धुऊनही गेला नव्हता, आणि आमच्या गुरुजनांपैकी एकांनी तो पाहून न पाहिल्यासारखे केले, हे त्यांचे उपकार मी आजवर विसरलो नाही.

ही आठवण सांगण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. ते सारे चित्र दूरदर्शनवरही दिसले असेल. परंतु त्या शेतकऱ्याची मिठी दूरदर्शनवर दिसली नाही. मैदानावर आपण केवळ खेळ पाहत नाही, तर तो कुणाबरोबर तरी पाहतो. आणि तो ‘कुणीतरी’ आपण निवडलेला नसतो. त्याची जात, भाषा, शिक्षण, मिळकत आपणांस ठाऊक नसते. तीन चेंडूंपुरता का होईना, तो आपला सोबती होतो. अशा जागा समाजात किती उरल्या आहेत, याचा वाचकांनीच विचार करावा.

आता पहिला आरोप. मैदान शहरातून उठविण्यात आले. २००८ साली नागपूरचे मोठे सामने वर्धा मार्गावरील जामठा येथे गेले. नवे स्टेडियम भव्य आहे, पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसे तेथे बसू शकतात, आसनेही जुन्या बाकांपेक्षा नक्कीच बरी आहेत. परंतु ते शहराच्या मध्यापासून पंधराहून अधिक किलोमीटर दूर, महामार्गाच्या कडेला आहे. मेट्रो खापरीपर्यंत आली, तरी तेथून पुढचा प्रश्न उरतोच. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे तो जातो. ज्याच्याकडे नाही तो आधी येण्याचा आणि मग परतण्याचा विचार करतो, आणि विचार करता करता घरी बसतो. जुन्या मैदानावर कारकून कचेरी सुटल्यावर शेवटचा तासभर डोकावून जात असे, शाळकरी मुले दप्तरासह येत. दूरच्या मैदानावर ‘डोकावून जाणे’ ही गोष्टच संपली. तेथे जायचे तर मोहीम काढावी लागते.

जुने ते सोडावेच लागते, असे यावर म्हटले जाईल. जगात सर्वत्र तसे झालेले नाही. अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणावा असा खेळ आहे. बोस्टन शहरातील फेनवे पार्क हे त्याचे मैदान १९१२ सालचे आणि शिकागोचे रिगली फील्ड १९१४ सालचे. दोन्ही अद्याप भर वस्तीत उभी आहेत व दोन्हींवर आजही सामने होतात. माझा एक भाचा शिकागोत नोकरीला आहे. त्याने मला लिहिले होते की, रिगली फील्डच्या भिंतीवर वेल चढलेली आहे, धावफलक अजून माणसे हाताने बदलतात, आणि रेल्वेचे स्थानक इतके जवळ आहे की, फलकावर चढविलेल्या झेंड्यावरून घरी परतणाऱ्यांना आपला संघ जिंकला की हरला ते कळते. त्या मैदानावर विजेचे दिवे लागले ते १९८८ साली! आजूबाजूच्या रहिवाशांचा रात्रीच्या सामन्यांना विरोध होता आणि मैदानाच्या मालकांना त्याची दखल घ्यावी लागली. त्या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ साली अजिंक्यपद मिळविले. १०८ वर्षे हरणाऱ्या संघावर लोकांनी प्रेम कसे केले? मला वाटते, संघ हरत असला तरी तो त्यांच्या गल्लीत होता, हेच त्याचे उत्तर असावे.

याउलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स संघाची कथा आहे. १९५५ साली त्याने अजिंक्यपद मिळविले आणि १९५७ चा हंगाम संपताच मालकाने संघ उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला नेला. १९६० साली त्यांचे जुने मैदान पाडून टाकण्यात आले. संघाचा मालक कागदावर एक असतो आणि प्रेमाने दुसराच असतो, हे तेथील लोक त्या दिवशी शिकले. आपणांकडे जुने मैदान पाडले गेले नाही, तेथे स्थानिक सामने अजूनही होतात, हे खरे. परंतु विदर्भाच्या क्रिकेटची मोठी घडी आता गावात घडत नाही, हेही खरेच.

दुसरा आरोप प्रेक्षकाला मिळणाऱ्या वागणुकीचा. काही वर्षांपूर्वी मी आमच्या चार वेदीसेवकांना घेऊन एका मोठ्या शहरात आंतरराष्ट्रीय सामन्याला गेलो होतो. नाव घेत नाही, कारण असा अनुभव कोणत्याही एका मैदानाची मिरास नाही. तिकिटे केवळ संगणकावर; ती मिळविण्यासाठी एका ओळखीच्या तरुणाला रात्र जागावी लागली. दारावर मुलांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, घरून आणलेला डबा काढून घेतला. आत पाणी होते, विकतचे. आणि दुपारी दोननंतर तेही नव्हते. सर्वांत धाकट्या मुलाला उन्हाने चक्कर आली तेव्हा आम्हांला बाहेर जाण्यास परवानगी होती, परत येण्यास नव्हती. आम्ही पाचही जण बाहेर पडलो आणि उरलेला सामना एका चहाच्या दुकानातील दूरचित्रवाणीवर पाहिला. “फादर, इथे जास्त चांगलं दिसते,” असे तो मुलगा म्हणाला. त्याच्या त्या वाक्याने मला जेवढे दुःख झाले तेवढे कोणत्याही पराभवाने झालेले नाही.

सुरक्षेसाठी हे सारे करावे लागते, असे सांगितले जाते. सुरक्षा हवीच. परंतु सुरक्षा कोणाची? १९९५ च्या नोव्हेंबरात नागपूरच्याच जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षागृहाची भिंत कोसळली आणि खेळ पाहावयास आलेली माणसे मृत्युमुखी पडली. ४ जून २०२५ रोजी बंगळूरु येथे विजयोत्सवासाठी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा बळी गेला. आत सत्कार आणि बाहेर मृत्यू! बाटली काढून घेण्यात जी तत्परता दिसते ती भिंत बांधताना आणि गर्दीची वाट आखताना दिसली असती, तर या घरांतील दिवे विझले नसते. जुन्या मैदानाविषयी मला जिव्हाळा आहे म्हणून त्याची ती भिंत मी झाकून ठेवणार नाही. उलट ती भिंतच माझ्या म्हणण्याचा आधार आहे. प्रेक्षकाचा जीव स्वस्त मानण्याची सवय आजची नाही.

तिसरा आरोप सर्वांत गंभीर. प्रेक्षक आता माल झाला आहे. २०२२ साली इंडियन प्रीमियर लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम देणारे ती खेळावरील प्रेमापोटी देत नाहीत. आपले डोळे जाहिरातींपुढे बसविण्याची ती किंमत आहे. मैदानावरच्या माणसाचे तिकीट या हिशेबात चिल्लर ठरते आणि त्याची किंमतही मग तशीच केली जाते. करोनाच्या काळात, २०२० साली ही स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाली, तेव्हा प्रक्षेपणात प्रेक्षकांचा आरडाओरडा ध्वनिमुद्रित करून वाजविला गेला. त्या संकटकाळी माणसे बोलावता येत नव्हती, हे मी जाणतो. परंतु त्यातून एक सत्य उघडे पडले. माणसांच्या आवाजाविना खेळ मेल्यासारखा वाटतो, हे चालकांना पुरते ठाऊक आहे. आवाज हवा, आवाज करणारा माणूस मात्र पाण्यावाचून बसला तरी चालतो!

आणि ही बाजारपेठ एवढ्यावर थांबली नाही. आमच्या गावातील एक युवक, कंत्राटी कामगार, सरळ मनाचा. मोबाइलवर पैसे लावून ‘संघ निवडण्याच्या’ खेळात तो शिरला. प्रथम पन्नास रुपये, मग पाचशे, मग आईच्या औषधाचे. माझ्याकडे आला तेव्हा दोन पगार गेले होते आणि तिसऱ्यावर कर्ज होते. “फादर, मला क्रिकेट कळते, म्हणून मी खेळलो,” असे तो सांगत होता. हे वाक्य मी कसे विसरू? ज्या ज्ञानाने माझ्या वडिलांनी बाजेवर तांदळाचे दाणे मांडले, त्याच ज्ञानाला गळ लावून या मुलाला ओढले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे उत्तम झाले. परंतु कायदा होईपर्यंत, दोन वर्षे, याच व्यवसायातील एका कंपनीचे नाव भारतीय संघाच्या छातीवर होते, हे विसरता येत नाही. ते नाव कायद्याने उतरले. खेळाच्या चालकांना स्वतःहून ते उतरवावेसे वाटले नाही.

येथे प्रतिपक्षाची बाजू मांडणे न्याय्य होईल. पैसा आला म्हणून स्थानिक खेळाडूंना मानधन बरे मिळू लागले, हे मी नाकारीत नाही. खाणकामगाराचा मुलगा, टेनिसच्या चेंडूवर खेळून वाढलेला उमेश यादव २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, असा मान मिळविणारा विदर्भाचा तो पहिला खेळाडू. आज असे मार्ग अधिक मोकळे आहेत. दूरचित्रवाणीमुळे आजारी, वृद्ध आणि दूरच्या माणसांना खेळ दिसतो, तेही मोलाचे आहे. माझ्या वडिलांना ते सुख मिळाले असते तर मी देवाचे आभार मानले असते. आणि प्रेक्षक म्हणजे काही सारे संत नव्हेत. १९९६ साली कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात पराभव दिसू लागताच बाटल्या फेकल्या गेल्या, आगी लावल्या गेल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. ती लाज आपली आहे.

परंतु त्याच देशात, १९९९ च्या जानेवारीत, चेन्नईच्या चेपॉकवर पाकिस्तानने भारताला अवघ्या १२ धावांनी हरविले. सचिन तेंडुलकरचे शतक व्यर्थ गेले होते. त्या क्षणी सारे प्रेक्षागृह उभे राहिले आणि विजयी पाकिस्तानी संघाने टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली. हे घरातल्या खुर्चीवर घडू शकत नाही. घरी आपण दूरचित्रवाणी संच बंद करतो आणि चिडून झोपी जातो. मैदानावर दुसऱ्याच्या गुणाला मान देण्याची संधी आपणांसमोर उभी राहते, आणि कधीकधी आपण तिला पात्रही ठरतो. पराभव कसा पचवावा हे शिकविणारी शाळा मोबाइलवर भरत नाही.

स्वस्त तिकीट दिले तर मैदान भरत नाही, असाही एक युक्तिवाद आहे. २०२५ साली महिलांच्या विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवली होती. कुटुंबेच्या कुटुंबे आली, मुली आल्या. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ते स्टेडियम निळ्या रंगाने भरून गेले होते. दार उघडले तर माणसे येतात.

तरीही शेवटचा आरोप मी स्वतःवर, आपणां सर्वांवर ठेवीत आहे, कारण सारीच दारे बंद नाहीत. रणजी सामन्यांना सहसा तिकीट नसते. तेथे कोण जाते? २०२५ च्या जानेवारीत विराट कोहली अनेक वर्षांनी रणजी सामना खेळावयास दिल्लीच्या मैदानावर उतरला. पहाटेपासून हजारोंची रांग लागली. दुसऱ्या दिवशी तो ६ धावांवर त्रिफळाचीत झाला, आणि पाहता पाहता बाके रिकामी झाली. सामना चालूच होता! ज्या गोलंदाजाने त्याचा बळी घेतला तो कोण, कोठून आला, किती वर्षे राबला, हे जाणून घेण्यास थांबावे असे किती जणांना वाटले? आपणांस खेळ नको आहे, मूर्ती हवी आहे. असे प्रेक्षक असतील, तर चालकांनी आपल्याला माल समजले यात नवल ते काय?

विदर्भाचा संघ १९५७ पासून रणजी करंडक खेळत आहे. साठ वर्षे तो बहुधा पहिल्या फेऱ्यांतच गळत असे. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरविले. रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली होती. पुढच्याच हंगामात जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा विजय मिळाला. आपल्या मातीचा संघ देशात अव्वल ठरला, आणि गडचांदूरच्या चौकात त्या दिवशी कुणाच्या तोंडी त्याचा उल्लेख नव्हता. लिलावात कोण किती कोटींना गेला, हे मात्र पोरासोरांना तोंडपाठ असते.

म्हणून २६ फेब्रुवारी २०२५ रोजी मी जामठ्याला गेलो. महाशिवरात्रीची सुटी होती. माझ्याबरोबर शेजारच्या धर्मग्रामातील सहकारी धर्मगुरू होते. ते मूळचे केरळचे, आणि अंतिम फेरीत विदर्भापुढे होता केरळ. तो संघ प्रथमच अंतिम फेरीत आला होता, तोही उपान्त्य सामन्यात गुजरातवर पहिल्या डावात केवळ दोन धावांची आघाडी घेऊन. शॉर्ट लेगवरच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडालेला झेल स्लिपमध्ये पकडला गेला म्हणून! ही कथा सहकाऱ्यांनी मला वाटेत तीन वेळा ऐकविली. मैदानावर पोचल्यावर त्यांचा आनंद आणखी वाढला, कारण २४ धावांत विदर्भाचे तीन गडी बाद झाले होते. मग दानिश मालेवार हा एकवीस वर्षांचा नागपूरचा मुलगा आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी रचली. “नायर म्हणजे आमचाच की,” असे म्हणून सहकाऱ्यांनी आपल्या दुःखावर फुंकर घातली. आमच्या भोवतीची बहुतेक बाके रिकामी होती. चार ओळी खाली एक वृद्ध गृहस्थ वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. मालेवारचे शतक झाले तेव्हा त्यांनी वही बाजूला ठेवली, उभे राहून टाळ्या वाजविल्या आणि पुन्हा पेन उचलले. टाळ्यांचा तो आवाज एवढा विरळ होता की, फलंदाजाला तो एकेकाचा वेगळा ऐकू आला असेल. आम्ही दोघांनी हात दुखेपर्यंत त्यात भर घातली, केरळवाल्यांनीसुद्धा. पुढे सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. केरळच्या कर्णधाराचे शतक दोन धावांनी हुकले, याचे सहकाऱ्यांना आजही वाईट वाटते. आणि खरे सांगतो, मलाही वाटते.

“काय पाहून आलात?” या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. मी एका मुलाला कुणीतरी पाहत आहे, हे पाहून आलो. उद्या तो मोठा झाला तर कोट्यवधी लोक त्याला पडद्यावर पाहतील. परंतु तो कुणीच नव्हता तेव्हा त्याच्यासाठी उन्हात उभे राहिलेल्या थोड्या माणसांत मी होतो.

चालकांकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्ह्यांतून येणाऱ्यांसाठी खिडकीवर काही तिकिटे राखून ठेवा. पिण्याचे पाणी फुकट द्या. मुलांचा डबा दारावर हिसकावून घेऊ नका. स्थानिक सामने शहरातल्या जुन्या मैदानावर अधिक खेळवा आणि हंगामात एखादा सामना चंद्रपूरसारख्या जिल्ह्याच्या गावी येऊ द्या. खाण-कारखान्यांच्या धुळीत टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलांना खरा लाल चेंडू कसा वळतो ते एकदा डोळ्यांनी दिसू द्या. उमेश यादव अशाच धुळीतून आला होता.

आणि वाचकहो, आपणांकडेही एक मागणी आहे. पुढच्या रणजी हंगामात नागपूरला जो पहिला सामना होईल त्याला मी एक मिनीबस ठरविणार आहे. गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर अशी ती घेत जाईल. वीस जागा आहेत. मुलांना प्राधान्य, आई-वडील सोबत आले तर अधिक चांगले. ज्या युवकाची हकिगत वर सांगितली तो कर्ज फेडीत आहे, आणि मुलांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्याने आपणहून घेतली आहे. कोणताही तारांकित खेळाडू त्या सामन्यात असेलच असे नाही. डबा घरूनच आणावा. दारावर तो काढून घेऊ लागले, तर सारे जण दाराशीच बसून जेवू आणि मग आत जाऊ.